घरात खाणारी माणसं किती

मुला, जरा माझ्याबरोबर एक शाळा डोळ्यांपुढे आण. तुझी नको, दुसरी. नगरमधली, दिल्ली दरवाज्याच्या आतल्या बोळातली, पत्र्याची. सुट्टी आहे, त्र्याहत्तर सालचा मे महिना आहे, वर्गांना कुलपं आहेत आणि फळ्यावर एप्रिलमधल्या शेवटच्या दिवसाची तारीख तशीच राहिली आहे. व्हरांड्यात दोन बाकं जोडून टेबल केलं आहे. पलीकडे रांग आहे. ती मुलांची नाही, मोठ्या माणसांची आहे. कर्जतकडून, पाथर्डीकडून, पाणी संपलं म्हणून शहराच्या कडेला खडी फोडायला आलेली ही माणसं. त्यांच्या अंगावरची पांढरी भुकटी घामाने ओली होऊन पुन्हा वाळली आहे. आता तू टेबलाच्या अलीकडे ये आणि खुर्चीवर बस. बसलास? तुझ्या हातात पेन आहे, समोर छापील अर्ज आहेत, डावीकडे शाईची गादी आहे. तू रंगनाथ गुरुजी आहेस. वय बावन्न. बत्तीस वर्षं तू मुलांना भागाकार शिकवलास आणि या सुट्टीत सरकारने तुला रेशनकार्डं लिहायला बसवलं आहे. तुला हे काम आवडतं आहे का, ते मी विचारत नाही. तुला फक्त ऐकायचं आहे, विचारायचं आहे आणि जे खरं असेल ते लिहायचं आहे.

सकाळी अकराच्या सुमाराला कडूबाई रांगेच्या तोंडाशी आली तेव्हा गुरुजींनी तिच्याआधीच्या एकोणचाळीस माणसांना विचारलेले प्रश्न त्याच आवाजात विचारले. गाव? कर्जतच्या पुढं. जमीन? सात एकर, कोरडवाहू. विहीर? हाय, पन कोरडी. मालकाचं नाव? ती गप्प राहिली आणि तिच्या लुगड्याला धरून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “मच्छिंद्र. आमी तात्या म्हनतो.” गुरुजींनी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, “घरात खाणारी माणसं किती?”

“दोन.”

“आणि ही?”

“ही न्हाई आमची.”

“मुलं किती मग?”

“एक बी न्हाई,” कडूबाई म्हणाली. आवाज जराही न हलवता म्हणाली. मुलीने लुगडं सोडलं नाही. “ही मुक्ताबाईची हाय. शेजारची. सुपात घातली, शेरभर कोंडा दिला न् घिऊन गेली. साळू नाव बी तिनंच ठिवलं.”

पेन कागदावर टेकलेलं होतं तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला आणि गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. शाळेची घंटा फार जवळून वाजली की कानात जसं काही वेळ भरून राहतं, तसं झालं. बाहेर बोळात कोणीतरी रिकामी घागर ओढत नेत होतं. ही प्रथा त्यांना माहीत होती, अगदी आतून माहीत होती. पाठोपाठ मुलं जातात, तेव्हा पुढचं मूल जन्मलं की त्याला सुपात घालून दाराबाहेर ठेवतात, शेजारीण येते, मूठभर किंवा शेरभर कोंडा टाकते आणि मूल विकत घेते. मग ते तिचं. दूध आईच पाजते, अंथरूण आईच्याच शेजारी असतं, पण ‘माझं’ हा शब्द आईने तोंडातून काढायचा नाही. ज्याला न्यायचं असतं तो दारापर्यंत येतो, विचारतो, या घरचं मूल कुठे आहे. आणि घर सांगतं, नाही बाबा, आमच्याकडे काहीच नाही.

गुरुजी सहा वर्षांचे होते तेव्हा घोडेगावच्या बाजारात त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं. त्याआधीही ऐकलं असेल, पण ऐकणं आणि कानावर पडणं यांत फरक असतो. वडील गोऱ्हा विकायला आले होते आणि आई मीठमिरचीच्या पालाशी बसली होती. गुरांच्या शेणमुताच्या त्या दाट उबेत दोन दलाल एका मळक्या उपरण्याखाली हात घालून उभे होते. ते बोलत काही नव्हते. उपरण्याखाली बोटं धरली जात होती, सोडली जात होती, कापड उंदीर शिरल्यासारखं हलत होतं, आणि मग एकाने मान डोलावली की गोऱ्ह्याचं दावं दुसऱ्याच्या हातात जायचं. “असं का करतात?” त्याने आईला विचारलं होतं. “भाव कुनाला कळू ने म्हनून,” ती म्हणाली. तेवढ्यात पालावरचा माणूस म्हणाला, “पोरगं तरतरीत हाय. तुमचंच का, चांगुणाबाई?” आणि आई म्हणाली, “न्हाई ओ. भागूबाईचं हाय. माझ्याकडं नुसतं आसतं.” सहा वर्षांच्या रंगनाथाने त्या क्षणी उपरण्याकडे पाहिलं. त्याची खात्री झाली की आता कोणीतरी त्या कापडाखाली त्याचा भाव ठरवणार. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्याने वडिलांचं धोतर सोडलं नाही. कोणी त्याला नेलं नाही. पण कोणी नेलं नाही यावर त्याचा विश्वास बसायला बरीच वर्षं लागली. पूर्ण बसला का, ते बावन्नाव्या वर्षीही सांगता येत नव्हतं.

“मास्तर,” शेजारून सूर्यभान म्हणाला. पुरवठा कचेरीतला कारकून. सकाळपासून अर्जांच्या गठ्ठ्याने वारा घेत होता आणि झालेल्या अर्जांवर शिक्के मारत होता. “तोंडी परीक्षा घेताय का? दोन तर दोन लिहा. रांग पार हौदापर्यंत गेली.”

“दोन लिहिलं तर फी बसते,” गुरुजी म्हणाले.

हा हिशेब सोपा होता, तुलाही येईल. घराचं वर्षाचं उत्पन्न घरातल्या खाणाऱ्या माणसांत वाटायचं. एकेकाच्या वाटणीला ठरलेल्या आकड्याहून कमी आलं तर कार्ड फुकट. जास्त आलं तर दोन रुपये फी. कडूबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं उत्पन्न दोघांत वाटलं तर आकड्याच्या थोडं वर जात होतं. तिघांत वाटलं की खाली. माफीचा आज शेवटचा दिवस होता. दोन रुपये गुरुजींच्या खिशात होते, आणि त्यांचा हात एकदा खिशापर्यंत जाऊन परतही आला. दोन रुपयांनी दोन माणसांचं कार्ड मिळालं असतं. तिसऱ्याची मिलो त्या कार्डावर मिळाली नसती. दर आठवड्याला दुकानदार कार्ड उघडणार, दोन नावं वाचणार आणि दोघांचं मापून देणार. ती तांबडी, परदेशातून आलेली ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटते आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसते, तीही तिसऱ्याला नाही.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “मुक्ताबाईंच्या कार्डावर हिचं नाव आहे का?”

“तिच्या कार्डावं तिची सा मान्सं हायेत. ती आता ल्योकाकडं राहात्याला गेली. तिला काय म्हाईत न्हाई व्हय, कोन कुनाचं त्ये.”

“म्हणजे ही कुठेच नाही.”

“हाय की. ही काय हुबी हाय.”

मागचा एक म्हातारा हसला. “बरूबर हाय, गुरुजी. दिसतिया आमाला बी.”

“आता घरात चूल एक, मग नाव लावायला काय हरकत आहे?” गुरुजींनी विचारलं. आपला आवाज वर्गातल्यासारखा होतो आहे हे त्यांना जाणवलं, गणित चुकलेल्या मुलाला दुसऱ्यांदा समजावून सांगताना होतो तसा. “मी फक्त लिहितो. तुम्ही काही म्हणू नका.”

त्यांनी लिहिलंही. तिसऱ्या ओळीवर, साळू, वय नऊ, मुलगी. पण नियम असा होता की लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, रांगेतल्या दोघांनी ऐकायचं, अर्जदाराने ‘खरं आहे’ म्हणायचं आणि मग अंगठा. त्यांनी वाचायला सुरुवात केली. कडूबाईचा अंगठा शाईत भिजलेला होता, कागदाच्या वर वीतभर थांबलेला. ‘मुलगी साळू’ हे शब्द आले आणि तिने हात असा मागे ओढला की शाईचा फराटा टेबलावर उमटला.

“आसं म्हनू नका!” ती ओरडली नाही, पण रांगेतली बोलणी थांबली. “फाडा त्यो कागूद, गुरुजी. फाडा आदी.” आणि मग, कोणी ऐकू नये असं, टेबलावर वाकून ती म्हणाली, “चार गेली. चारी मी माझी म्हनली हुती. पाळण्यात घातली, नावं ठिवली, पेढं वाटलं. ही न्हाई म्हनली म्हनून नऊ वर्सं टिकली. लग्नाच्या हळदीला मुक्ताबाई सुपात कोंडा घिऊन परत दील, तवा मी म्हननार. तवर न्हाई. दोन रुपयं माफ व्हावं म्हनून मी हिला दावनीला बांधू का?”

गुरुजींनी कागद फाडला. चार तुकडे केले, खिशात टाकले.

हे सगळं मुलगी ऐकत होती. लहान मुलं ऐकत नाहीत असं मोठी माणसं धरून चालतात. गुरुजींनी बत्तीस वर्षांत एकही असं मूल पाहिलं नव्हतं. तिचे केस उन्हाने पिंगट झाले होते आणि एका पायाच्या टाचेला चिंधी बांधली होती. ती आईकडे बघत नव्हती. ती अर्जांच्या गठ्ठ्याकडे बघत होती.

“गुरुजी,” ती म्हणाली, “ज्येचं कुनीच न्हाई, त्याला बी फी पडती का?”

उत्तर सूर्यभानने दिलं. तो वाईट माणूस नव्हता, उन्हाने आणि शिक्क्यांनी कंटाळलेला होता. “ज्याचं काहीच नाही त्याला सगळं माफ, बाय! आहे का तुझं काही? नाही ना? मग जा, रांगेत उभी राहा. मास्तर लिहितील तुझं.” दोघे-तिघे हसले.

मुलगी हसली नाही. तिने लुगडं सोडलं, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली आणि हौदाकडे चालू लागली, जिथे रांगेचं शेपूट होतं. कडूबाईने तिला हाक मारली नाही. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते गुरुजींनी पाहिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि शाईचा अंगठा मुठीत झाकून घेतला.

“पुढचा,” गुरुजी म्हणाले.

पुढचा आला, त्याच्या पुढचा आला. गाव, जमीन, विहीर, माणसं. पेन लिहीत राहिलं. त्याला आता त्यांची गरज उरली नव्हती. पत्रा तापून कडकड वाजत होता. त्यांना सरकारी दवाखान्यातली ती दुपार आठवत होती. अशीच कोरडी, औषधाच्या वासाची, तेरा वर्षांपूर्वीची. आई खाटेवर होती. हात इतके हलके झाले होते की चादरीवर ठेवलेले कळत नसत. भागूबाई कधीच वारली होती, रंगनाथ अकरा वर्षांचा असताना, सापाने. तिने त्याला परत दिलं नव्हतं. परत द्यायची वेळ यायच्या आतच ती गेली. देणारीच नाही म्हटल्यावर परत घेणार कसं? लग्नात हळदीच्या वेळी आई मांडवाच्या खांबाआड उभी होती. ट्रेनिंग कॉलेजला निघाला तेव्हा मोटारीच्या खिडकीशी येऊन ती शेजारच्या बाईला म्हणाली होती, “भागूबाईचा रंगनाथ मास्तर व्हनार.” आणि त्या दुपारी नर्सबाईंनी कागद भरताना खाटेशेजारी उभ्या असलेल्या चाळिशीच्या माणसाकडे पाहून विचारलं, “आजी, हे तुमचे कोण?” आईने डोळे उघडले. त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. त्याला वाटलं, आता. आता काय उरलं आहे भ्यायचं? “गावचे हायेत,” ती म्हणाली. “लई चांगले हायेत.” रात्र उजाडायच्या आत ती गेली. कागदावर नातेवाइकाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने ‘मुलगा’ लिहिलं. तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली, की हे लिहायला नको होतं. की इतकी वर्षं तिने जे धरून ठेवलं होतं ते आपण एका रकान्यासाठी सोडून दिलं. तो मेला नाही. ताप नाही, सर्दी नाही, काहीच झालं नाही. मग ती चुकत होती का? आणि ती चुकत असेल तर ते एकोणचाळीस वर्षांचं न म्हणणं कुठे ठेवायचं? वर्गात मुलांना ते सांगत, की उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर मी अर्धे गुण देतो. या गणितात रीत कुठली आणि उत्तर कुठलं, हेच त्यांना वेगळं करता येईना.

मान वर केली की ती दिसायची. आधी हौदाच्या सावलीत, मग सावलीबाहेर. पुढचा माणूस सरकला की एक पाऊल सरकायची, चिंधीची टाच उचलून. मघाच्या म्हाताऱ्याने, आपलं काम झाल्यावर जाताजाता, तिला विचारलेलं ऐकू आलं: “तुझ्यासंगं कोन हाय गं, पोरी?” तिने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. कडूबाई भिंतीपासून उठली होती. ती रांगेत शिरली नाही. रांगेच्या कडेने हातभर अंतरावर उभी राहिली, सूर्याच्या बाजूला, आणि मुलगी सरकली की तीही सरकत होती, तिच्याकडे न बघता. खडी फोडणाऱ्या त्या उंच, वाळलेल्या बाईची सावली मुलीच्या डोक्यावरून हलत नव्हती. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. काय विचारायचं तिला, हे ठरवायला त्यांच्याकडे नऊ माणसं होती. मग सहा. मग दोन. अनाथ म्हणून लिहायचं? असं लिहिलं तर उद्या कोणी येईल, तपासेल, मुलीला कुठल्याशा आश्रमात नेईल. आणि कडूबाई तेव्हाही म्हणेल, न्हाई, माझी न्हाई, आणि बघत उभी राहील.

“बघा, आली की खरंच,” सूर्यभान म्हणाला. त्याच्या आवाजात आता मजा नव्हती. “मास्तर, मी आपलं गमतीनं बोललो.”

टेबल मुलीच्या छातीला लागत होतं.

“नाव?” गुरुजी म्हणाले.

“साळू.”

“गाव?”

“कर्जतच्या पुढं.”

“जमीन?”

“माझी न्हाई.”

पेन पुन्हा त्या रकान्याशी आलं. विचारू नये असं त्यांना वाटत होतं. पण तो न विचारता अर्ज होत नव्हता. “घरात खाणारी माणसं किती?”

“तीन,” मुलगी म्हणाली.

सूर्यभानचा हात शिक्क्यावर थांबला.

“एक मी. दुसरा मच्छिंद्र. तिसरी कडूबाई.” तिने बोटं मोजली नाहीत. रांगेत उभं राहून हे तिने पक्कं करून ठेवलं असावं. “ती दोगं माझ्याकडं ऱ्हात्यात.”

“तुझ्याकडे?”

“व्हय. खडी फोडत्यात. त्यांचं त्यांचं मिळवत्यात. पर ऱ्हात्यात माझ्याकडं.”

“तुझे कोण लागतात?”

गुरुजींना स्वतःच्याच प्रश्नाचा राग आला. मुलीने मात्र त्याचाही विचार केला होता. “सोबतीला हायेत,” ती म्हणाली.

गुरुजींनी लिहिलं. कुटुंबप्रमुख: साळू. वय: नऊ. वय त्यांनी वाढवलं नाही. जे खरं होतं ते लिहायचं होतं. दोन नावं खाली लिहिली आणि नात्याच्या रकान्यात दोन्हीपुढे ‘सोबत’ असं लिहिलं. उत्पन्न तिघांत वाटलं. आकड्याच्या खाली आलं. समासात त्यांनी ‘फी माफ’ लिहिलं.

“मास्तर, सोबत असं नातं यादीत नाही,” सूर्यभान हळूच म्हणाला. “आणि नऊ वर्षांची प्रमुख? वरून परत येईल हा.”

“किती दिवसांनी?”

“दोन महिने तरी जातील.”

“तोवर तात्पुरतं कार्ड चालेल ना?”

सूर्यभानने मुलीकडे पाहिलं, कडूबाईकडे पाहिलं. “दुकानदार काय प्रमुखाचं वय बघतोय,” तो म्हणाला आणि शिक्का मारला. दोन महिन्यांनंतर काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं. आभाळात काही नव्हतं.

गुरुजींनी अर्ज मोठ्याने वाचला. कडूबाई चार हातांवर उभी होती, तोंड हौदाकडे करून, दुसऱ्याच कुणाचं काही वाचलं जात असल्यासारखी. “खरं आहे?” गुरुजींनी विचारलं.

मुलीने अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला, नीट उमटला का ते वाकून पाहिलं. सूर्यभानने दिलेलं तात्पुरतं कार्ड परकराच्या ओच्यात खोचलं. मग पायऱ्या उतरून ती कडूबाईपाशी गेली, आणि अंगठ्याची शाई, न विचारता, तिच्या पदराला पुसली.